चवीपुरतं

शुक्रवार, ७ मार्च
दुपार

प्रिय वहिनी,

सप्रेम आशीर्वाद.

आम्ही दोघं इथे बेटावर सुखरूप आहोत. तुझ्या डोळ्याची पट्टी निघाली आणि प्रवासाला परवानगी मिळाली हे काल फोनवर कळलं, बरं वाटलं. थेंब वेळच्या वेळी घाल. अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे, तरी एका दमात वाचू नकोस.

उद्या ज्या बोटीने तू येशील त्याच बोटीने मी परत जाणार. धक्क्यावर आपली गाठ पडेल, पण तेव्हा चिमण शेजारी असेल. (साठी उलटलेल्या भावाला चिमण म्हणू नये, हे तू लग्न झाल्यापासून मला सांगते आहेस. नाही जमत.) आणि तूच म्हणालीस, "ताई, तिथे कुठे जेवायचं, काय काय खायचं ते लिहून ठेवा, नाहीतर माझी पंचाईत होईल." म्हणून हे पत्र, धक्क्यावरच तुझ्या हातात देईन.

धक्क्यावर उतरलीस की पांढऱ्या टेबलक्लॉथची हॉटेलं दिसतील. तिथे जाऊ नकोस. मासा दोन दिवसांचा असतो आणि वर इतका मसाला फासतात की तो मासाच आहे हेही आपण त्यांच्यावर विश्वास ठेवून मानायचं. मागच्या गल्लीत दोन बहिणींचं दुकान आहे. दिवसभर एकमेकींशी भांडतात, पण शिंपल्यांचं सूप उत्तम करतात. लवकर जा. मोठी बहीण सूप संपलं की ते आनंदाने सांगते. पाव घ्यायचा तो बेकरीतूनच, सकाळी, गरम असताना. टेकडीवरच्या बाईकडे खेकडे मिळतात. फोडायला लाकडी हातोडी देतात. चांगली साडी नेसून जाऊ नकोस.

तुझ्या नवऱ्याची तब्येत ठीक आहे. पोटातल्या नळीची जागा मी रोज स्वतः पुसते, लाली नाही. डब्यातली पावडर पुरून उरेल. खोलीच्या मालकिणीला पहिल्याच दिवशी समजावून सांगावं लागलं, की घशाच्या आजारानंतर याचं गिळणं गेलं आहे, सगळं जेवण नळीतून जातं, तेव्हा याच्यासाठी काही करू नका. ती म्हणाली, "अहो, मग हे इथे आले कशाला? इथे तर लोक फक्त खायला येतात!" निघण्यापूर्वी मीही त्याला तेच विचारलं होतं. तो म्हणाला, "ताई, वास तर येतो ना अजून."

सुरुवातीला मजेत गेले दिवस. मी जेवायचं, त्याने समोर बसायचं, आणि प्रत्येक घासाला, "कसं आहे?" मी म्हणायची, चांगलं आहे. तो म्हणायचा, "चांगलं म्हणजे? चांगलं तर हवामानही असतं." तुला माहीत आहे, मी आयुष्यभर प्रयोगशाळेत पाणी तपासलं. आमच्या अहवालात चवीसमोर एकच शेरा असायचा, 'आक्षेपार्ह नाही'. खेकड्याबद्दलही मी तेच म्हणाले. इतका हसला की टेकडीवरची बाई पाणी घेऊन धावली, आणि मला तिला हाताने थांबवावं लागलं.

एकाच आईची लेकरं आम्ही. तिने माझी जीभ धारदार करून ठेवली आणि चव सगळी त्याला दिली. चहाच्या कंपनीत चव पारखण्याच्या कामावर त्याने उगीच नाही एवढी वर्षं काढली. एकदा मी त्याचं काम बघायला गेले होते. लांबच्या लांब टेबलावर कपांची रांग. हा चमच्याने चहाचा भुरका मारायचा, गालात फिरवायचा आणि शेजारच्या उंच पिकदाणीत पिचकारी मारून पुढच्या कपाकडे. कारकून मागून लिहून घेतोय. मला शिसारी आली होती. घरी येऊन मी आईला म्हणाले, "तुझ्या मुलाला थुंकण्याचा पगार मिळतो."

आता समुद्राकाठच्या पत्र्याच्या शेडबद्दल. बेटाच्या पलीकडच्या टोकाला आहे. पाटी नाही. चालवणारा पूर्वी बोटीवर स्वयंपाकी होता. निखाऱ्यावर मासा भाजतो, वर फक्त मीठ आणि लिंबू. आणि दगडावरून ओरबाडून आणलेलं एक हिरवं शेवाळ असतं, ते नुसतं परतून देतो. बेटावर एकाच ठिकाणी जेवणार असशील तर तिथे जेव.

आम्ही तिथे एकदाच गेलो.

तिथे पोचायच्या आधी, वाळूतून चालताना चिमणने मला विचारलं, "ताई, नुसतं चावून थुंकून टाकलं तर? गिळायचं नाही. माझा तर धंदाच होता तो." मी म्हणाले, डॉक्टरांनी तोंडाने काहीही द्यायचं नाही म्हणून सांगितलंय. तुलाही फोनवर मी तेच सांगितलं होतं, आठवत असेल.

शेडमध्ये मी मासा मागवला आणि हात धुवायला मागे गेले. परत आले तर त्याच्या तोंडात घास होता. डोळे मिटलेले. हळूहळू चावत होता. वहिनी, त्याच्या आजारपणानंतर तसा चेहरा मी पाहिला नव्हता. मग त्याने रिकामा ग्लास उचलला, तोंडाजवळ धरला आणि अगदी सफाईने, आवाज न करता, सगळं त्यात काढून टाकलं. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब जेवत होतं. त्यांना कळलंसुद्धा नाही.

कळलं ते माझ्यामुळे. मी म्हणाले, "लाज नाही वाटत? चारचौघांत ताटावर बसून थुंकतोस?" हळू आवाजात बोलायची मला सवय नाही. सगळी शेड आमच्याकडे बघायला लागली. मी ग्लास उचलून बाहेर ओतून आले, ताट माझ्याकडे ओढलं आणि त्याच्या हातात रुमाल दिला. त्याने तोंड पुसलं, रुमालाची नीट घडी घातली आणि म्हणाला, "चुकलं, ताई." साठीच्या वर वय आहे त्याचं.

शेडवाला येऊन म्हणाला, "राहू द्या की, आई. माझा मासा काय थुंकायच्या लायकीचा नाही का?" हसवायला म्हणाला बिचारा. मी पैसे टेकवले आणि निघाले.

त्यानंतर चिमण जेवायला माझ्याबरोबर आला नाही. गॅलरीत खुर्ची टाकून बसतो. मी परत आले की "काय खाल्लंस?" एवढं विचारतो. "कसं होतं" विचारत नाही.

आता जे लिहायचं मी इतका वेळ लांबवते आहे ते लिहिते.

डॉक्टरांनी नाही म्हटलेलं नव्हतं. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून त्या दिवशी त्याला मी दाखवायला नेलं. आत नर्स त्याची नळी बदलत होती, तेव्हा डॉक्टर मला बाहेर येऊन म्हणाले, "गिळणं आता परत यायचं नाही. पण जिभेला काही झालेलं नाही. चावू दे, चव घेऊ दे, थुंकून टाकू दे. फक्त गिळायचं नाही. तेवढीच मजा राहिली आहे, ती काढून घेऊ नका." हेच शब्द. मी मान हलवली आणि मनात म्हटलं, म्हणजे आता हा घरोघरी, लग्नाकार्यात, पंगतीत थुंकत बसणार. त्याला सांगितलं, सगळं बंद. तुला सांगितलं, सगळं बंद. मला ते खोटं बोलणं वाटलंच नाही. शिस्त वाटली.

दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्याला मी काय म्हणाले असते, ते तुला माहीत आहे.

आज सकाळी मी एकटी शेडवर गेले. तोच मासा मागवला. ग्लास जवळ ठेवला, घास चावला, आणि म्हटलं आता टाकू ग्लासात. नाही जमलं गं. तोंडात चव आली की घसा आपोआप ओढतो. दुसरा घास घेतला, तोही गेला. तिसऱ्याला ठसका लागला. सगळं अंग घास आत ओढत असतं आणि तोंडाने उलट बाहेर ढकलायचं असतं. त्याने ते इतक्या सफाईने केलं, आणि मला फक्त थुंकी दिसली. मासा कसा होता ते विचारशील. धुरकट, लिंबाने कडेला आंबट, आत मात्र जवळजवळ गोड. मला चव सांगता येते, वहिनी. त्याने विचारलं तेव्हा मी कंटाळा केला.

इथवर लिहून झाल्यावर मी ठरवलं होतं, की तुलाच विनंती करायची. डॉक्टरांचा फोन आला होता, आता त्यांनी परवानगी दिलीय, असं त्याला सांग म्हणून. मग माझीच मला किळस आली. पेन ठेवलं आणि गॅलरीत गेले.

परत येऊन पुढचं लिहिते आहे.

उभ्या उभ्याच सांगितलं. बसायचा धीर झाला नाही. डॉक्टर काय म्हणाले ते, आणि मी काय केलं ते. तो समुद्राकडे बघत राहिला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. मग म्हणाला,

"म्हणजे त्या दिवशी मी चोरी करत नव्हतो."

मी म्हणाले, नाही.

"मला वाटलं, मी तुझ्या पाठीमागे चोरून खाल्लं." मी म्हणाले, चल, आत्ताच जाऊ शेडवर, अजून निखारे असतील. मी समोर बसते. एक शब्द बोलणार नाही.

त्याने नकारार्थी मान हलवली. चिडून नाही. "नको, ताई. तू समोर असलीस की माझं लक्ष तुझ्या तोंडाकडे राहील. उद्या ही येईल, हिच्याबरोबर जाईन."

बरोबर आहे त्याचं. आपण घास घेताना कुणी आपली लाज धरून बसलं असेल, तर चव कुठून लागायची?

तेव्हा उद्या सामान खोलीवर टाक आणि त्याला घेऊन शेडवर जा. दोन ताटं मागव. ग्लास मागायला लाजू नकोस, आणि त्याच्याकडे टक लावून बघूही नकोस. आपलं खात राहा. त्याने कसं आहे म्हणून विचारलं तर नीट, सविस्तर सांग, आणि मग त्याला विचार. ऐकून घे. तो खूप बोलेल.

तुम्ही जेवायला बसाल तेव्हा माझी बोट बरीच लांब गेलेली असेल. तेच ठीक आहे.

तुझ्या नवऱ्याच्या तोंडचा घास काढून घेणारी,
तुझी मोठी नणंद