विलायती गुण्या

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी भांडायला मला कुणाची भीती उरलेली नाही. म्हणून सरळच विचारते. त्या दिवशी माझ्या रेघा का तासून टाकल्यात?

आधी तुमच्याच शिकवणीची आठवण करून देते. मी लहान आहे, तुमचं बोट धरून कर्जतच्या बाजारात उभी आहे. दुकानदार गुण्या पुढे करतो, "घ्या मिस्त्री, काटकोन एकदम बरोबर हाय." तुम्ही मला म्हणता, "त्याच्या तोंडाकडं बघू नको गं. फळीच्या सरळ कडेला गुण्या लाव, रेघ ओढ. आता उलटा कर न् तिथनंच परत ओढ. रेघा एकावर एक बसल्या तर घ्यायचा, फाकल्या तर ठेवायचा." दुकानदार चिडला, तरी तुम्ही त्याचे सगळे गुण्ये उलटेसुलटे करून पाहिलेत. मला वाटलं, माझ्या बापाला कुणी फसवू शकणार नाही.

पुढे घाटावरच्या कॉन्व्हेंटची बाकं तुम्ही केलीत आणि सिस्टरांनी मला शाळेत घेतलं. सुट्टीत घरी आले तर तुमच्या हातात नवा गुण्या, शिसवी दांड्याचा, पितळ जडवलेला, पात्यावर इंग्रजी शिक्का. मी तो उचलला तशी तुम्ही ओरडलात, "ठेव! बाईमाणसानं हत्याराला हात लावू नये." दसऱ्याला आईनं त्याच हत्यारांना कुंकू लावलेलं चालत होतं. उलटा करून पाहिलात का, असं मी विचारलं, तर म्हणालात, "विलायती माल हाय तो. त्याला काय तपासायचं?"

त्याच गुण्यानं माथेरानच्या बंगल्याच्या खिडक्या आखल्यात. नेरळहून माणसांनी डोक्यावरून चौकटी वर नेल्या आणि तशाच खाली आणल्या. सांध्यांत फटी, झडपा मिटेनात. वखारवाले चाचा मजा बघायला आलेच. "काय मिस्त्री, सागानं दगा दिला की हातानं?" तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "हिनं हात लावला, तवापासून गुण्या फिरला." चाचा खो खो हसले, "मग हिला कुलपात ठेवा, नायतर माथेरानचा डोंगर वाकडा करील!"

मी फळी घेतली, रेघ ओढली, गुण्या उलटा केला, दुसरी ओढली. दोन्ही रेघा एका ठिपक्यातून निघून वर फाकत गेल्या. चाचांचं हसू थांबलं. तुम्ही वाकून पाहिलंत, चांगलं निरखून पाहिलंत. मग रंधा घेतलात आणि दोन्ही रेघा तासून काढल्यात. "कॉन्व्हेंटात इंग्रजी शिकवत्यात, सुतारकी नाय," म्हणालात आणि मला आत पाठवलंत.

दुसऱ्या दिवशी चौकटी नव्यानं आखायला घेतल्यात, त्या बाजारातल्या जुन्या गुण्यानं. विलायती भिंतीवर टांगला तो कायमचा. म्हणजे तुम्हाला कळलं होतं! साहेबाच्या शिक्क्यावर डोळे मिटून विश्वास, आणि तुम्हीच शिकवलेल्या पोरीच्या रेघेवर नाही. "तुझं बरोबर होतं गं" एवढं म्हणायला किती श्वास लागला असता? तुमच्या सुतारकामाच्या कारखान्याचं दार मात्र मला बंद झालं ते झालंच. आळीत मी लग्न होईपर्यंत "गुण्या फिरवणारी" होते.

तो गुण्या आज माझ्याकडे आहे. सरळ करून देतो म्हणणारे बरेच भेटले, मी दिला नाही. पुरावा कुणी दुरुस्त करतं का? मुलींच्या शाळेत भूमिती शिकवली, तेव्हा दरवर्षी तो वर्गात नेला. प्रत्येक मुलीला उलटा करायला लावला, तुमच्याच शब्दांत. फाकलेल्या रेघा पाहून मुली विचारायच्या, "बाई, हा खोटा गुण्या कोणत्या सुतारानं घेतला हो?"

हा कागद त्या गुण्याच्याच पेटीत ठेवणार आहे. तुम्हाला माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण एक सांगून टाकते. मुलींना मी म्हणायचे, तपासायची रीत माझ्या वडिलांची. खोटा गुण्या घेणारा सुतार कोण, ते एकीलाही सांगितलं नाही.