गोळीची बाजू

३ नोव्हेंबर
ललितची एकांकिका पाहिली. कॉलेजपासूनचा मित्र, आजपासून शत्रू. हिरो कवी. मनाचे टोकाचे चढउतार आवरणारी लिथियमची गोळी घेतो आणि भोपळ्यासारखा बसून राहतो. शेवटी गोळ्या गोदावरीत फेकतो आणि लगेच कविता सुचते. हॉलमध्ये लोक उभे राहून टाळ्या. मी आठ वर्षं हीच गोळी घेतोय, हे ललितला माहीत आहे. सोडणार नाही त्याला.

४ नोव्हेंबर, सकाळी ७
सूड ठरला. मीही एकांकिका लिहिणार. यात हिरो गोळी घेऊन सुखी होतो. ललितला पहिल्या रांगेत बसवणार.

९ नोव्हेंबर
लिहून झाली. सव्वादोन पानं. हिरो गोळी घेतो, पोहे खातो, बसने सिन्नरला कंपनीत जातो, संध्याकाळी परत येतो. उज्वलाने वाचली. म्हणाली की यात काही घडतच नाही. बायकोला नाटकातलं कळत नाही.

१० नोव्हेंबर
चूक सापडली. राग बोथट झालाय. कारण गोळी. फक्त चार दिवस बंद. उज्वलाला सांगायची गरज नाही.

१५ नोव्हेंबर
बासष्ट पानं. झोपेची गरजच उरली नाही. ललितला सकाळपासून चाळीस मेसेज. कंपनीत राजीनामा दिला. साहेब म्हणाले, विचार करा. विचारच तर करतोय.

१६ नोव्हेंबर
उज्वलाने गोळ्यांची पाकिटं तपासली. रडली. मागच्या आजारपणात लेकीला, सायलीला, घेऊन निफाडला माहेरी गेली होती, या वेळी गेली तर परत येणार नाही म्हणाली. मी समजावलं की हे साहित्य आहे.

४ डिसेंबर
मध्ये दवाखाना. रक्ततपासणी, गोळी सुरू. दवाखान्यात नेताना गाडी ललितनेच चालवली म्हणे. मी रस्ताभर त्याला शिव्या देत होतो. साहेबांनी राजीनामा पुढे पाठवलाच नव्हता.

आज बासष्ट पानं शांतपणे वाचली. हिरो रामकुंडावर जाऊन गोळ्या नदीत फेकतो. एकूण अठरा वेळा. ललितच्या हिरोने एकदाच फेकल्या होत्या.

सव्वादोन पानं शोधली. उज्वलाने गोळ्यांच्या ड्रॉवरमध्ये नीट घडी करून ठेवली होती.

५ डिसेंबर, सकाळी ८
ललितला माफ केलेलं नाही. सूड नंतर बघू.
गोळी घेतली. पोहे. आठ वर्षं माझी गोळी मीच घ्यायचो. आता उज्वला हातावर ठेवते आणि गिळेपर्यंत समोर उभी राहते.