रुक्मा कोणत्या पानावर

कोहका, भिलाई
१२ जून २०२३

चि. पायलला,
मामाचा जय भीम आणि ओंजळभर आशीर्वाद. वि. वि.

तुझी आई काल दुर्गहून नागपूरच्या गाडीत बसली. तिच्याजवळ निगेटिव्हची पत्र्याची पेटी दिली आहे. सीटखाली ठेवू नको, मांडीवर ठेव, असं मी सारखं बजावत होतो. शेवटी ती खेकसली, की मी का नातू घेऊन जाऊन राहिली का मांडीवर! फोनवर सांगितलं असतं, पण रोलिंग मिलनं माझे कान खाल्ले हे तुला ठाऊक आहे. म्हणून पत्र. तूही पत्रच लिहीत जा.

पेटीत कुसुमघुमरच्या मुलखातले सगळे फोटो आहेत. धबधबा, त्याच्या वरच्या अंगाची पडकी देवळं, वीरगळ, गावोगावचे कोरीव स्मृतिस्तंभ. आणि प्रत्येक फोटोत काळी छत्री टेकवून तुझी रुक्मा मामी उभी आहे. मिलमध्ये लोखंड लाटायचा रोल तुटला की त्याचा फोटो काढताना मी बाजूला एक माणूस उभा करायचो, म्हणजे ऑफिसातल्या साहेबाला रोल केवढा ते कळावं. नुसत्या वस्तूचा फोटो खोटं बोलतो. तीच खोड मी धबधब्यापाशी नेली. मामी चिडायची. मले का तुमी फूटपट्टी समजून राहिले का, म्हणायची. पण हलायची नाही.

खरं सांगू? तिचा तिचा म्हणून एकही फोटो मी काढला नाही. भिंतीवर आहे तो आधार कार्डाचा मोठा करून घेतलेला. त्यात ती भांडायला निघाल्यासारखी दिसते. मी प्रिंट एकच काढायचो आणि तो त्या त्या गावात नेऊन द्यायचो, हा आमचा शिरस्ता. त्यामुळे माझ्याजवळ ती आता आहे ती फक्त त्या पेटीत. जानेवारीत तिला जाऊन वर्ष होईल, तिचं पहिलं पुण्यानुमोदन. त्या दिवशी विहारातल्या बायांच्या हाती पुस्तक द्यायचं, एवढंच माझ्या मनात आहे.

जेवणाची हेळसांड करू नको. मामाला विसरलीस तर कान धरायला नागपूरला येईन.

तुझा
प्रेमानंद मामा

---

नागपूर
३ सप्टेंबर २०२३

आदरणीय मामास,
पायलचा सविनय जय भीम. वि. वि.

पेटी तेव्हाच सुखरूप पोचली, पत्राला उशीर झाला म्हणून रागवू नका. आई म्हणते, गाडीत पेटीला खिडकी मिळाली आणि मला दारापाशी उभं राहावं लागलं!

आनंदाची बातमी. मी काम करते त्याच कंपनीला फोटो आवडले. हॉटेलांसाठी आणि पर्यटकांसाठी पुस्तकं काढतात, तर कुसुमघुमरचं पुस्तक तेच छापतील. जानेवारीच्या आत, असं मी कबूल करून घेतलं आहे. माझी नोकरी अजून कच्ची आहे, हे पुस्तक देखणं निघालं तर पक्की होईल असं साहेब म्हणाले. म्हणजे मामी गेल्यावरही माझंच बघते आहे.

आणि मामा, एका फोटोत मी सापडले! देवळाच्या दगडी चौकटीत मामी, आणि तिचं बोट धरून मी. दोन वेण्या, नाक वाहतं आहे. बाबांची बदली झाली म्हणून सहा महिन्यांसाठी मला तुमच्याकडे ठेवलं होतं, आणि मी दहावी करूनच उठले. माझ्या वेण्या मामी इतक्या घट्ट घालायची की डोळे ताणले जायचे. तो फोटो बघून ऑफिसात रडले.

निगेटिव्हवर डाग आणि ओरखडे बरेच आहेत. कंपनीची मुलं थोडी साफसफाई करतील. तुम्ही काळजी करू नका. पुस्तक मामीचंच होईल, हा माझा शब्द.

बीपीची गोळी चुकवू नका आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची
पायल

---

कोहका, भिलाई
२२ जानेवारी २०२४

पायल,
जय भीम.

काल पुण्यानुमोदन झालं. पुस्तकांचा गठ्ठा आदल्या दिवशीच आला होता. मी सुतळीसुद्धा सोडली नाही. विहारात सगळ्यांसमोर सोडायचा, म्हणून उशाशी घेऊन झोपलो.

वंदना झाली, भन्तेजी दोन शब्द बोलले, मग मी पुस्तकं वाटली. आपल्या शेजारच्या गुलाबबाईंनी चष्मा लावला आणि विचारलं, रुक्मा कोणत्या पानावर हाय? मी मोठ्या ऐटीत सांगितलं, कोणतंही उघडा. त्यांनी उघडलं. धबधबा होता. खडक होता. रुक्मा नव्हती. मला वाटलं, पान चुकलं असेल. पुढचं उघडलं. स्तंभाशेजारी नुसतं गवत. जिथे ती उभी असायची तिथे गवत रंगवून ठेवलं आहे, पायल, आणि इतकं सफाईनं की मलाच शंका आली, ती खरंच तिथे उभी होती की नाही. मी शेवटच्या पानापर्यंत गेलो. छत्रीसुद्धा नाही.

बाया पानं उलटत राहिल्या. मग कोणीतरी म्हणालं, छपाई छान आहे. मी खिरीचं पातेलं उचललं आणि वाढत सुटलो, कारण बसलो असतो तर काय केलं असतं मला माहीत नाही.

मुखपृष्ठावर छायाचित्रकार म्हणून तुझं नाव आहे. ते राहू दे, नावाची हौस मला कधी नव्हती. पण हे तुला माहीत होतं. महिनोन् महिने माहीत होतं, आणि तू मला पत्रातून गोळ्यांची आठवण करत राहिलीस.

पेटी परत पाठव.

प्रेमानंद

---

नागपूर
२ फेब्रुवारी २०२४

आदरणीय मामास,
जय भीम. काय तोंडानं लिहू?

साहेब म्हणाले, प्रत्येक फोटोत एकच बाई, हा काय घरचा अल्बम आहे? बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की ही जागा आपल्यासाठी रिकामी आहे. मी एकदा भांडले, मामा. एकदाच. मग त्यांनी नोकरीची आठवण करून दिली आणि मी गप्प बसले. तुम्हाला लिहायला रोज बसायची आणि रोज उठायची. वाटलं, सुंदर पुस्तक हातात पडलं की तुम्हाला फार जाणवणार नाही. कशाच्या जोरावर वाटलं, आता सांगता येत नाही.

पेटी माझ्याकडे नाही. कंपनीनं फोटो हक्कांसकट घेतले, ते मीच माझ्या नावानं दिले. तुमचं पत्र आलं त्या दिवशी ऑफिसात मागितली, तर कळलं की दिवाळीच्या साफसफाईत जुनं सामान भंगारात गेलं, त्यात ती गेली. आधीचे स्कॅनही त्यांनी ठेवले नाहीत, साफ केलेलेच ठेवले.

माझी नोकरी पक्की झाली आहे. मामी असती तर ही बातमी तिलाच आधी सांगितली असती.

नवा कॅमेरा घेऊन कुसुमघुमरला जाते आणि सगळं पुन्हा काढून आणते. जयंतीला भिलाईला येऊ का? मारा, पण ये म्हणा.

पायल

---

नागपूर
९ फेब्रुवारी २०२४

प्रिय भाऊ,
धाकट्या पंचफुलाचा जय भीम. वि. वि.

पोरगी जेवत नाही. रात्रंदिवस तुझं पत्र घेऊन बसते. तू मोठा आहेस, पोटात घाल. तिची नोकरी गेली असती तर या वयात मी तिला कुठून पोसलं असतं? तिच्या बाबांचा हातभार किती, ते तुला माहीतच आहे.

आता तुझ्यापासून काही लपवत नाही. वहिनीला काढून टाकलं, हे मला दिवाळीतच कळलं होतं. पायलनं छापायच्या आधीची पानं घरी आणली होती. मीच तिला म्हटलं, मामाले आत्ता काही सांगू नको, नोकरी पक्की होऊ दे, मग मी भावाले समजावीन. वहिनी असती तर हसून म्हणाली असती, बरं झालं, सुटली मी उन्हातून.

रागात तब्येतीकडे दुर्लक्ष करू नको. माहेर म्हणून मला तूच एक उरला आहेस, तेवढं दार उघडं ठेव.

तुझी
पंचफुला

---

कोहका, भिलाई
६ मार्च २०२४

पायल,
जय भीम. हे पत्र आईलाही वाचून दाखव. तिला वेगळं लिहिण्याचं बळ माझ्यात नाही. पेटी जपून नेणारी तीच, आणि गप्प बैस म्हणणारीही तीच. वहिनी हसली असती हे तिनं लिहायला नको होतं. रुक्मा उन्हात उभी राहायची ती माझ्यासाठी. सुटका तिनं कधी मागितली नव्हती.

मी कुसुमघुमरला जाऊन आलो. बसचा प्रवास आता झेपत नाही, पण घरात बसवेना. धबधब्याजवळचा चहाच्या टपरीचा दयाराम तुला आठवत असेल, तुला भाजलेली शेंग द्यायचा. रुक्मा गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. ऐकल्यावर त्यानं चूल विझवली आणि मला घरी नेलं.

त्याच्या भिंतीवर तोच फोटो आहे, दगडी चौकटीचा. मीच दिलेला प्रिंट. कडा पिवळ्या पडल्या आहेत, धुरानं काचही काळवंडली आहे. रुक्मा उभी आहे. छत्री आहे. कपाळावर आठी, म्हणजे लवकर आटपा. मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. दयारामनं फोटो काढून माझ्या हाती दिला, की घेऊन जा, तुमचा आहे. मी परत खिळ्याला लावला. दिलेला प्रिंट घरी आणायचा नाही, हा शिरस्ता तिचाच होता. मग मी माझा जुना कॅमेरा काढला, भिंतीवरच्या फोटोचा फोटो घेतला, आणि दयारामला बाजूला उभं केलं, माप कळावं म्हणून. तो फोटो आता माझ्याकडे आहे. रुक्मा त्यात बोटाएवढी दिसते. पण आहे.

तुझं पुस्तक मी सोबत नेलं होतं. तेच पान काढून दयारामला दाखवलं, म्हटलं बघ, बाई गेली. तो भिंतीकडे बघायचा, पानाकडे बघायचा. मग त्यानं विचारलं, अन् नोनी? ती पोरगी कुठे गेली?

मी महिनाभर त्या पानावर फक्त रुक्माला शोधत होतो. तिचं बोट धरलेली पोर नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दोन वेण्यांची, नाक वाहणारी, जिला बघून तू ऑफिसात रडलीस. तीसुद्धा पुसली आहे. ते पान छापायला जाताना तुझ्या हातून गेलं असणार. तुला तिथे कोणीच दिसलं नाही?

पुन्हा फोटो काढायला जाऊ नको. कॅमेरा कितीही चांगला असला तरी ती चौकट आता रिकामीच येईल. जयंतीला विहार सगळ्यांचं आहे, तुला कोण अडवणार? माझ्या घरी मात्र येऊ नको, मी बोलावीन तेव्हा ये. बोलावीन की नाही ते आज सांगता येत नाही.

पत्राच्या शेवटी आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. मामीचा तुला आहेच, तो परत घ्यायचा अधिकार मला नाही. माझा या पत्रात घातलेला नाही.

प्रेमानंद