दोन दारांच्या गाडीचा ब्रेक

अण्णा, तुमची लाल गाडी गेल्या महिन्यात इमामपूरच्या घाटात माझ्या ताब्यातून सुटली होती, आणि शेजारच्या सीटवर आई होती. आम्ही दोघी धड आहोत, हे आधीच सांगते. कुठलीही हकीकत तुम्ही शेवटाकडून ऐकायचात. कुणाला किती लागलं ते आधी, बाकीचं मागून.

तुम्हाला जाऊन एक तप उलटून गेलं. गाडी तेव्हापासून पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. नेवाशात तुमच्याआधी कुणी असली दोन दारांची, बुटकी, जमिनीला टेकलेली गाडी बाळगली नव्हती आणि तुमच्यानंतरही नाही. नगरच्या कॅम्पातून बदली होऊन चाललेल्या एका मिलिटरी अधिकाऱ्याकडून तुम्ही ती घेतलीत. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये रस तपासणाऱ्या माणसाला ही असली गाडी कशाला हवी, यावर चौकात कितीतरी दिवस बोलणं चालायचं. गळिताच्या हंगामात तुम्ही घरात दिसायचा नाहीत. हंगाम संपला की बनियनवर गाडीखाली. आता त्या शेडच्या जागी माझ्या मेडिकल दुकानाचं गोडाऊन बांधायचं ठरलं, म्हणजे गाडी हलवणं आलं. भंगारवाला येऊन बघून गेला. तो बॉनेटवर हाताने थापा मारत होता, ते बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "द्यायची नाही. मी चालू करणार आहे." आई ओट्यावर मेथी निवडत बसली होती. तिने मानसुद्धा वर केली नाही.

रविवारी दुपारी दुकान बंद करून मी शेडमध्ये जायला लागले. एअर फिल्टरमध्ये उंदरांनी घर केलं होतं. पेट्रोलच्या टाकीतून गंजाचा चिखल निघाला. टायर इतके कडक झाले होते की नखही रुतत नव्हतं. मोबाईलवर व्हिडिओ बघायचा, थांबवायचा, पाना फिरवायचा, पुन्हा बघायचा, असं माझं काम. एकेक बोल्ट सोडवायला अख्खी दुपार जायची, आणि तो सुटला की मला एकटीलाच हसू यायचं. पुढचे ब्रेक तर मी नुसते दुरुस्त केले नाहीत, वाढवले. याच गाडीच्या नंतरच्या मॉडेलच्या मोठ्या डिस्क पुण्याच्या जुन्या बाजारातून आणल्या, त्यांना चिमटीत धरणारे, त्यांच्या मापाचे कॅलिपर बसवले, पॅड कोरे घातले. तुमच्या डोक्यात ते होतं, हे मला माहीत होतं. घाटातून आल्यावर तुम्ही प्रत्येक वेळी म्हणायचात, "इंजिन घोड्याचं आहे आणि ब्रेक सायकलचे."

आईने या सगळ्यात एकदाही शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. मला त्याचं नवल वाटलं नाही. मी नगरला कॉलेजच्या हॉस्टेलवर असताना अंगणातल्या ओल्या मातीत जॅक खचला आणि गाडी तुमच्या खांद्यावर बसली, तेव्हापासून ती त्या गाडीजवळ जात नव्हती. शेजारी कांद्याचा टेम्पो भरत होता, त्या हमालांनी गाडी उचलली आणि तुम्हाला ओढून काढलं, एवढंच मला घरी आल्यावर कळलं. तुमचा हात गळ्यात होता आणि आई तुमच्याशी बोलत नव्हती. पुढे तुम्ही शेडमध्ये काँक्रीटचा ओटा केलात आणि खालून आधाराचे लोखंडी घोडे लावल्याशिवाय गाडीखाली शिरणं बंद केलंत. पण आई गाडीत बसली नाही. राहुरीच्या लग्नाला आपण दोघं गाडीने गेलो आणि ती एसटीने आली, आठवतं? मी समजत होते, बाई भ्याली.

आता ब्रेक ऑईलचं सांगते. ते सांगायलाच बसले आहे खरं तर.

एका मे महिन्यात तुम्ही चहाला आत गेलात, आणि ब्रेक ऑईलची पातळी कमी दिसली म्हणून मी फळीवरच्या उघड्या डब्यातलं ओतलं. मदत केली असं मला वाटत होतं. तुम्ही बाहेर आलात, डबा बघितलात आणि तुमचा चेहरा उतरला. ओरडला नाहीत. चारही चाकांतून सगळं ऑईल काढून टाकलंत, मला शेजारी उभं करून, चहा तसाच गार झाला. "हे ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं. दिसत नाही, वास येत नाही. ब्रेक तापले की ते पाणी उकळतं आणि त्याची वाफ होते. मग तू पेडल दाबतेस ते वाफेवर. चाकापर्यंत काही पोचत नाही. कळलं?" मी हो म्हटलं. तुम्ही म्हणालात, "हो म्हणू नकोस. परत सांग." आणि माझ्याकडून सगळं वदवून घेतलंत.

तर मला माहीत होतं. शेडच्या फळीवर तुमच्या शेवटच्या हंगामातला अर्धा डबा होता. झाकण तुम्ही लावलेलं, त्यावर तुमच्या पद्धतीने रबराचा तुकडा गुंडाळलेला. स्पेअर पार्टच्या दुकानातून नवा सीलबंद डबा मी आणलेला होता, तो खाली पायाशीच होता. मी दिवसभर लोकांना औषधांवरची तारीख दाखवणारी बाई. उघडून ठेवलेलं डोळ्याचं औषध महिन्याने टाकून द्या म्हणून गिऱ्हाइकांशी भांडणारी. पण तो रबराचा तुकडा सोडवताना वाटलं, यातलं थोडं तरी गाडीत जाऊ दे. थोडं म्हणता म्हणता सगळं ओतलं. पेडल कडक लागलं. गावात दोन-चार चकरा मारल्या, काही झालं नाही.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नगरला झालं, तिला आणायचं होतं. रोजची गाडी घेऊन हे राहुरीला गेलेले. मी लाल गाडी हॉस्पिटलच्या दारात उभी केली. आई पायऱ्या उतरली, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्याने गाडीकडे बघत राहिली. मला वाटलं, आता रिक्षा बघायला सांगेल. ती म्हणाली, "दार उघड की. का मीच उघडू?" आणि वाकून, गुडघे धरत, आत बसली.

घाटाच्या आधीपासूनच उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे लागला होता. उजवीकडून कंटेनरची रांग, बाहेर निघता येईना. उतार सुरू झाला तसा माझा पाय ब्रेकवरच. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. जळका वास आला. नवे पॅड आहेत, बसत असतील, असं मी मनाशी म्हटलं. आणि वळणावर पाय ठेवते तो पेडल सरळ खाली गेलं. पायाखाली काहीच नाही, अण्णा. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. पुढे ट्रॉलीतून लोंबणारे ऊस, त्यांचे कापलेले शेंडे मोजता येतील इतके जवळ यायला लागलेले.

"आई, पट्टा लावलायस ना?"

"लावलाय. काय झालं?"

"ब्रेक लागेना."

ती ओरडली नाही. "गेर खाली घे," म्हणाली. मी तिसरा टाकला, मग दुसरा. इंजिन किंचाळलं, दोघी पुढे फेकल्या गेलो. वेग कमी झाला पण पुरेसा नाही. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर आवळलेले, ते सुटेनात. तेवढ्यात बघते तर आईचा हात हँडब्रेकवर. अंगठा बरोबर बटणावर ठेवलेला.

"वढू का?"

"एकदम नको. हळूहळू."

"म्हाईत हाय मला. तू म्होरं बघ."

तिने तो इतका सावकाश ओढला की मागची चाकं सरकलीसुद्धा नाहीत. डावीकडे रस्त्याच्या कामासाठी टाकलेला मुरमाचा ढीग होता. मी गाडी त्यात घातली. बंपर रुतला, बॉनेटवर मुरूम आला, आणि थांबलो. मागून गाड्या हॉर्न देत निघून गेल्या. आई म्हणाली, "पट्टी सरकली का गं माजी?"

दुधाचा टेम्पोवाला थांबला. त्याने आईला पाणी दिलं, चाकांजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. गाडी गार होईपर्यंत आम्ही तिघं कडेला बसून राहिलो. मग त्याने आत बसून पेडल दाबलं. "ताई, ब्रेक तर दगडावानी कडक हाय. चला की आता, काय न्हाई व्हत." मीही दाबून बघितलं. खरंच कडक होतं, जणू काही घडलंच नव्हतं. आईला घरी नेऊन निजवायला हवं होतं आणि उतार थोडाच उरला होता. मोह झाला. पण गार झाल्यावर वाफेचं पुन्हा पाणी झालं होतं, एवढंच. त्या कडक पेडलमागे काय आहे, ते मी तुम्हाला एकदा तोंडपाठ म्हणून दाखवलेलं होतं. "ही जागची हलणार नाही," मी म्हटलं. त्याने आम्हा दोघींना टेम्पोत घेतलं.

टेम्पोत मी आईला विचारलं, "तुला हँडब्रेक कसा माहीत?"

"मला चालवता येती ती गाडी. तुज्या अण्णांनी शिकिवली हुती, कारखान्याच्या मोकळ्या यार्डात. तुला न्हाई सांगितलं, तू हसली असतीस." मग म्हणाली, "जॅक पडला त्या दिशी दवाखान्यात मीच नेलं त्यांला. टेम्पोवाला म्हनला, कांदा उतरवून येतो. तवर काय करायचं?"

मी म्हटलं, "मग नंतर बसली का नाहीस? भीती वाटायची?"

"भ्या कशाचं? राग आला हुता. हाड मोडलेलं, तोंड पांढरं पडलेलं, अन् बाजूला बसून मला सांगत्यात, क्लच सोड, क्लच घासतीयेस. मी रडतीय अन् ह्यांला क्लचची काळजी. म्हनलं, ऱ्हावा आता तुमी अन् तुमची गाडी." ती हसायला लागली, पट्टीखालून डोळ्याचं पाणी येऊ नये म्हणून मान मागे टेकवून. "लई वर्सं धरला मी राग. त्यांनी बी कदी इचारलं न्हाई."

तुम्ही का विचारलं नाहीत, अण्णा? की तुम्हालाही, माझ्यासारखंच, ती भ्याली असं वाटत होतं?

गाडी दुसऱ्या दिवशी ओढून आणली. मी सगळं ऑईल काढलं, पाइप धुतले, रबरी होज नवे घातले, सीलबंद डबा फोडला. चारही चाकं पुन्हा पुन्हा तपासली. आईला कारण सांगितलं नाही. जुनी गाडी, व्हायचंच, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं आणि मी ते राहू दिलं. आता तिची पट्टी निघाली आहे. रविवारी दुपारी ती शेडच्या दारात खुर्ची टाकून बसते, माझ्या हातात पाना देते, चुकीचा दिला तरी बरोबरच दिला म्हणते. तिला इथल्या देवगडला, दत्ताच्या दर्शनाला जाऊन यायचंय, याच गाडीने. दर रविवारी विचारते, झाली का?

मी सांगते, एक पार्ट यायचाय, मुंबईहून. ती मान हलवते आणि उठून चहा ठेवायला जाते. हे पत्र तुमच्यापर्यंत जाणार नाही, म्हणून तेवढं इथे लिहून ठेवते. कुठलाही पार्ट यायचा नाहीये, अण्णा. भ्याले आहे ती मी.