तू आखलेला रविवार

प्रिय संध्ये,

काल तुझ्या आईने, कोंडीकाकूने, फोनवर सांगितलं, तू वाटीभर पेज घेतलीस म्हणून. ऐकून फार बरं वाटलं. माझं अक्षर तुला माहीतच आहे, तेव्हा घाई न करता वाच. दमलीस तर उशाशी ठेवून दे, उद्या वाच.

आधी ऑफिसची बातमी. रक्तपेढ्यांचं मायग्रेशन झालं, सगळी माहिती नव्या सर्व्हरांवर गेली. तू सांगितल्याप्रमाणे रविवारीच केलं, त्या दिवशी हॉस्पिटलांत ठरलेली ऑपरेशनं कमी असतात म्हणून. भिसेगावातल्या आपल्या खोलीतच बसले होते. तुझं टेबल तसंच आहे, चार्जरसुद्धा हलवलेला नाही. घरमालकीण विमलबाई भाड्याच्या निमित्ताने येतात आणि हळूच विचारतात, दुसरी मुलगी ठेवायची का. मी नाही म्हणते. परवा त्यांनी विचारलंही नाही, तुझ्या खुर्चीवरची धूळ पदराने पुसली आणि गेल्या.

आठवतं का, नोकरीला लागलो तेव्हा क्लस्टर म्हणजे काय ते माझ्या डोक्यातच शिरत नव्हतं. तू मला पळसदरीला वाडीवर नेलंस आणि पडवीत बसवून समजावलंस. पाच सर्व्हर. पाचही जणांनी एकच गोष्ट लक्षात ठेवायची, कुठल्या रक्तपेढीत रक्ताची कुठली पिशवी आहे आणि ती कोणासाठी राखून ठेवलीय. एखादा बंद पडला तरी उरलेल्यांना सगळं आठवत असलं पाहिजे. तुझे बाबा, पदूकाका, दाराशी बसून ऐकत होते. म्हणाले, "मंजी दिसभर बसून निस्तं ध्यानात ठेवायचं? हे काय काम हाय व्हय?" तू कपाळावर हात मारलास. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा समजलं की आपण काय करतो.

तर रविवारी सकाळी जुन्या क्लस्टरमधलं सगळं नव्यात उतरवलं. साईनाथ सर फोनवर होते. पिशव्यांची संख्या जुळली. सर म्हणाले, "जुळलंय, आता हॉस्पिटलांना उघडून टाक." मी उघडणारच होते. पण नुसत्या संख्येवर विश्वास ठेवायचा नाही, राखून ठेवलेल्या प्रत्येक पिशवीची नोंद उघडून बघायची, हे तू आमच्याकडून इतक्यांदा म्हणवून घेतलं होतंस की हात आपोआप तिकडे गेला. बघते तर पिशव्या सगळ्या होत्या, पण एकीवरही कोणाचं नाव नाही. राखीव ठेवण्याच्या मुदती उतरल्याच नव्हत्या. नव्या क्लस्टरला वाटलं, मुदत संपली, आणि त्याने सगळ्या पिशव्या मोकळ्या करून टाकल्या. खोपोलीतल्या एका बाळंतिणीसाठी ठेवलेलीही त्यातच होती. उघडलं असतं तर ती दुसऱ्याच कुणाला गेली असती.

मी तुझा नंबर काढला, नावावर बोट ठेवलं, आणि मग लक्षात आलं की इंजेक्शननंतर तुझा आत्ता कुठे डोळा लागला असेल. संध्ये, इतक्या वर्षांत तुला न विचारता मी काही ठरवलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. सरांना म्हटलं, "परत जुन्यावर जाऊ या." ते वैतागले. पण परत कसं यायचं याची रंगीत तालीम तू गणपतीनंतर आमच्याकडून करून घेतली होतीस. केमो चालू असताना डोक्याला रुमाल बांधून बसली होतीस, मधेच उठून बाथरूममध्ये जाऊन येत होतीस, तोंड पुसून पुन्हा "हां, पुढे" म्हणत होतीस. आम्ही कुरकुरत होतो, उगाच कशाला म्हणून. त्या तालमीमुळेच रविवारी मागे आलो ते कोणाला कळलंसुद्धा नाही. मुदती वेगळ्या काढून उतरवल्या, दुपारी पुन्हा केलं, एकेक पिशवी तपासली, आणि सगळं बरोबर निघालं. जुना क्लस्टर अजून बंद केलेला नाही, नव्यावर भरवसा बसू दे.

सर म्हणाले, "संध्याला कळव." फोन ठेवल्यावर मी तुझ्या खुर्चीकडे वळून मोठ्याने म्हटलं, "झालं गं." आणि मग मला रडू आवरेना.

आता खरं जे सांगायचंय ते. उपचारांसाठी पुन्हा मुंबईला जायचं नाही, सुया नको, काही नको, हे बाबांना तू सांग, मला जमणार नाही, असं म्हणून दवाखान्यात तू माझा हात धरला होतास. सोमवारी मी वाडीवर आले होते. तू झोपली होतीस, उठवलं नाही. काका खळ्यावर एकटेच भात झोडत होते. मी सुरुवात केली आणि पुढे बोलताच येईना. त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली. म्हणाले, "ठाव हाय गं मला. डाक्टरनी सांगायच्या आदीच कळलं. पोर माज्यासमोर हासती ना, तवा तिला लय दुखत असतंय." पायाशी सांडलेले दाणे त्यांनी सुपात भरले. मग म्हणाले, "नाय नेनार तिला कुटं. तिला सांग, बापाला ठाव हाय. आता माज्यासाटी हासू नको म्हनावं." काकूला ते स्वतःच सांगणार आहेत. हे मला तुझ्यासमोर बसून सांगता आलं नसतं, आणि त्यांनाही नाही, म्हणून लिहिलं. पत्र त्यांच्याच हाती देतेय. ते दाराबाहेर उभे असतील. वाचून झालं की त्यांना आत बोलाव.

तुझीच गं,
अक्षदा