मामाचा कॅमेरा पार्सलने पाठवण्याबाबत

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. आपली प्रकृती ठणठणीत असेल अशी आशा करते. आशाच करते, कारण कळायला दुसरा मार्ग नाही. आमचं बरं चाललंय. हवा बदलली की आईचे गुडघे कुरकुरतात, पण माझ्यावर ओरडायला घसा उत्तम आहे. (वरचं 'आपली' तिच्या धाकाने लिहिलं. आता ती आत गेली आहे, तेव्हा नेहमीप्रमाणे 'तू'.)

तुझं कार्ड मिळालं. दोन महिन्यांत येतो म्हणून कामाला गेलास आणि अकरा वर्षांनी चार ओळी! त्यातही तीन कॅमेऱ्याच्या आणि एक आमच्या खुशालीची. कपाटावरचा माझा कॅमेरा नीट गुंडाळून पार्सलने पाठवा, म्हणतोस. आईने कार्ड वाचलं, उलटं करून मागे आणखी काही आहे का पाहिलं आणि पुन्हा वाचलं. पाठवायला माझी हरकत नाही. पण तो कॅमेरा सध्या कपाटावर नसून माझ्या गळ्यात आहे, आणि तो तिथे कसा आला हे सांगितल्याशिवाय पार्सल बांधणं बरं दिसणार नाही.

आमच्याकडे शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी फोटोग्राफीचा वर्ग भरतो. मास्तरांनी जन्मभर पासपोर्टचे फोटो काढले, त्यामुळे कुणाशीही बोलायच्या आधी ते त्याची हनुवटी सरळ करतात. (माझी दर रविवारी दोनदा.) पहिल्याच दिवशी त्यांनी तुझा कॅमेरा हातात घेऊन आत जुना रोल असल्याचं ओळखलं, अंधाऱ्या खोलीत जाऊन तो काढला, डबीत ठेवला आणि विसरून गेले. मग आमचे धडे सुरू झाले. भिंगाच्या छिद्राचा आकडा वाढला की छिद्र लहान होतं, हे ज्याने ठरवलं त्याला मला एकदा भेटायचं आहे. शेवटी समजायचा नाद सोडून मी ते पाठच करून टाकलं.

महिन्याने गृहपाठ मिळाला: घरच्या एका माणसाचे छत्तीस फोटो. आमच्या घरी माणूस एकच. आई ठेवणीतले कपडे घालून खिडकीपाशी बसली आणि पहिले तीस फोटो तिने दात काढून घ्यायला आल्यासारखा चेहरा केला. मग मी तुझी गोष्ट काढली. तू सगळ्यांना अर्धा तास उन्हात ताटकळत उभं केलं होतंस, आणि भिंगावरची टोपी काढायचीच राहिली होती. (या कॅमेऱ्यात डोळा लावायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं, त्यामुळे तुला कळणार तरी कसं, असं आई अजूनही तुझ्या बाजूने भांडते.) ती आठवण निघाली आणि आई खांदे हलेपर्यंत हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तू गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मी बटण दाबतच राहिले. डोळे पुसत ती म्हणाली, "पत्ता लागला की यातला एक त्याला पाठव. म्हणावं, बघ, मी काही रडत बसलेली नाहीये."

छत्तीस झाले तरी रोल संपेना. सदतीस, अडतीस, एक्केचाळीस! कंपनीने सढळ हाताने फिल्म भरली म्हणून मी खूश. मास्तरांनी पाहिलं तेव्हा कळलं, की फिल्मचं टोक चाकात अडकलंच नव्हतं. ती आपली डबीतच बसून होती आणि मी हवेत फोटो काढत होते. आईचं ते हसू कुठेच उरलं नाही. मी जिन्यात बसून रडले, तुझ्यापाशी लाज कसली. मास्तर रागावले नाहीत. माझी हनुवटी सरळ केली आणि समजूत म्हणून ती विसरलेली डबी काढली.

तुझा अकरा वर्षांपूर्वीचा रोल आम्ही धुतला. सगळा धुरकट, एकच फोटो आला. आई दारात उन्हाने डोळे बारीक करून उभी आहे, आणि अंगणातून तुझी सावली थेट तिच्या पायांपर्यंत आली आहे, दोन्ही कोपरं बाहेर काढलेली. मास्तरांनी सावलीवर लाल पेन्सिलीने फुली मारली. सूर्य पाठीशी घेताना आपली सावली सांभाळायची, हा म्हणे पहिला धडा. फोटो घरी नेला. आमच्या घरात सगळ्यांचे फोटो आहेत, तुझा एकही नाही, कारण काढायला नेहमी तूच. आई कितीतरी वेळ त्या फुलीवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "उभा कसा राहिलाय बघ!"

असो. खोकं आणलं, कापूस आणला, पत्ता लिहून झाला. उद्या पार्सल टाकते. तब्येतीला जप.

तुझी भाची

ता. क. फोटोला चौकट करायला निघाले तर आई म्हणाली, लहान चौकटीत बसेल असा काप. कुठे कापू विचारलं, तर तिने फोटोतल्या स्वतःवर बोट ठेवलं. आता भिंतीवर नुसती तुझी सावली आहे आणि टोकाला आईच्या चपला.

आणखी एक ता. क. पार्सल टाकत नाही. खोक्यात आईने तिची विणायची लोकर भरून ठेवली आहे. कॅमेरा हवा असेल तर स्वतः येऊन ने. दुपारी चारला अंगणात ऊन चांगलं असतं, तू आणि आई दारात उभे राहा, मी काढते. फिल्म अडकली की नाही ते दोनदा बघेन. टोपीची आठवण तेवढी तू कर.