भोजनदानाची रांग

प्रिय आई,

फोनवर तू एकच विचारतेस, काहून पुसला वं तो व्हिडिओ, आणि मी दरवेळी विषय बदलते. परवा तर नेट गेल्याचं सोंग केलं. तोंडाने मी वेळ मारून नेते, म्हणून आज कागद घेतला. चौदा एप्रिलच्या आत मेडशीला पोचेल अशा बेताने टाकते आहे.

शेजारची डोरीन तुला आठवते ना? मी जानेवारीत शिकायला कॅनडात उतरले, तेव्हा तुझ्या हातच्या स्वेटरवर कुडकुडत उभी होते. या सत्तरीच्या बाईने कपाटातला स्वतःचा कोट काढून मला घातला. फोटो पाहून तू म्हणाली होतीस, देवमाणूस भेटला तुले. खरंच भेटला.

तीच मला दर गुरुवारी चर्चच्या हॉलकडे जाताना दिसायची. तिथे टेबलांवर बटाटे, डाळीचे डबे, दूध, पाव मांडलेले असतात, लोक पिशव्या भरून नेतात. मला वाटलं, अरे, हे तर आपलं भोजनदान. आपल्याकडे जयंतीला कोणी विचारतं का, तू उपाशी आहेस का म्हणून? तहसीलदार आला तरी पंगतीत बसतो, न जेवता गेला तर आपल्यालाच वाईट वाटतं. आणि डोरीन तिथे वाढायला जात असेल, तू आणि बेबीताई जाता तशी. दारावरच्या फॉर्मवर ‘गरज आहे का’ असं विचारलं होतं. मी न वाचल्यासारखं ‘हो’ लिहिलं. गरज नव्हती गं. डब्यात तुझी तूरडाळ होती.

वर व्हिडिओ काढला. ‘इथंबी भोजनदान असते, लाजू नका, थैल्या घेऊन या, मी घेऊन राह्यली.’ तू तो अख्ख्या विहाराला दाखवलास. इथे शिकायला आलेल्या आपल्याकडच्या पोरापोरींनीही पाहिला. पुढच्या गुरुवारी रांग रस्त्याच्या वळणापर्यंत गेली, बहुतेक आम्हीच. सव्वादहालाच सामान संपलं, ‘आजचं संपलं’ अशी पाटी लावून हॉलचं दार लागलं.

डोरीन नेहमीसारखी साडेदहाला आली, हातात रिकामी पिशवी. ती वाढायला नाही, घ्यायला येत होती आई. तिला पाटी वाचताना पाहिलं तेव्हा मला ते कळलं. माझी पिशवी पाहून ती म्हणाली, बरं झालं पोरी, तुला तरी मिळालं. मी पिशवी तिच्यापुढे करायला हवी होती. मी थँक्यू म्हटलं आणि घरी आले.

आल्यावर स्वतःची समजूत घातली. आम्ही फी भरतो म्हणून इथलं कॉलेज चालतं, म्हाताऱ्यांच्या दवाखान्यात रात्रपाळीला आम्हीच असतो, बंद पडलेली दुकानं आमच्यामुळे उघडली. हे सगळं खरं आहे. पण आमच्या तीन खोल्यांत आम्ही सातजणी राहतो, खाटेमागे भाडं देतो, त्यात जास्त पैसा सुटतो हे पाहून मालकाने डोरीनचं भाड्याचं घरही, तेही त्याचंच, रिकामं करून तसंच करायला काढलं, हेही खरं आहे. ती महिनाअखेर दुसऱ्या गावी भाचीकडे जाते आहे. हॉलवर आता पाटी आहे, बाहेरदेशच्या विद्यार्थ्यांना प्रवेश नाही. एक नेपाळची मुलगी खरोखर उपाशी होती, तीसुद्धा पाटी वाचून परत गेली. मी लांबून पाहिलं, बोलले नाही. डोरीनला अजून माहीत नाही की व्हिडिओ माझा होता. उद्या सकाळी सांगणार आहे. ती काय म्हणेल ठाऊक नाही. कोट परत मागितला तर देईन.

तू म्हणालीस, यंदा जयंतीला तो व्हिडिओ मोठ्या पडद्यावर दाखवणार, माझ्या नावाने तुझा सत्कार करणार, आणि शेलूबाजारचा उत्कर्ष तो पाहूनच इकडे यायचे कागद करतो आहे. मी पुसला तरी तो तुमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये आहेच. म्हणून हे लिहिलं. हार घेऊ नकोस आई. पडदा लावायच्या आधी हे पत्र उभं राहून सगळ्यांना वाचून दाखव. उत्कर्षला पुढे बसव. त्याने यावं, जरूर यावं, पण हे ऐकून यावं. तुला मान खाली घालावी लागेल, ते मला कळतं. तरी माझं नाव गाळू नकोस.

तुझीच,
सुकेशनी